सिकोयाच्या रानात, माझ्या चाकांवर

'व्हीलचेअरने जाता येतं' असं कुठेही लिहिलेलं दिसलं की मी आधी तीन गोष्टी विचारून घेते. चढ किती आहे, वाट कशाची आहे आणि रुंदी किती आहे. पाटीवरच्या निळ्या चित्रावरून यातलं काहीच कळत नाही. एका ठिकाणी ते चित्र सुरुवातीलाच ठळक लावलेलं होतं आणि पहिलं वळण घेतल्यावर समोर जाड खडी पसरलेली होती. पुढची छोटी चाकं खडीत रुतली की खुर्ची जागची हलत नाही, मग मागून कितीही जोर लावा. अशा जागेवरून परत फिरताना दमणूक होते ती वेगळीच, पण जास्त लागतं ते हे, की ही वाट आखणाऱ्याने माझ्यासारखं माणूस डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं.

म्हणून कॅलिफोर्नियातल्या सिकोया नॅशनल पार्कला, सिकोया नावाच्या अजस्र झाडांच्या रानात, जायचं ठरलं तेव्हा मी झाडांचे फोटो बघण्याआधी वाटांची माहिती वाचायला घेतली. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवर नव्याने होणाऱ्या पायवाटांसाठी 2013 पासून ठरलेली मापं आहेत. रुंदी कमीत कमी 36 इंच हवी. 1:20 पर्यंतचा चढ, म्हणजे वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, कितीही लांब चालतो. चढ 1:12 असेल तर 200 फुटांच्या आत विसाव्याची सपाट जागा द्यावी लागते, 1:10 असेल तर 30 फुटांच्या आत आणि 1:8 असेल तर जेमतेम 10 फुटांनंतर. वाट घट्ट हवी, चाकाखाली सरकणारी नको. वाटेच्या सुरुवातीच्या फलकावर लांबी, पृष्ठभाग, रुंदी आणि चढ लिहिलेले हवेत. वाचायला हे रुक्ष वाटेल, पण हातांनी चाकं ढकलणाऱ्याला हे आकडे खांद्यात कळतात. 1:20 वर मी बोलत बोलत जाते. 1:12 वर बोलणं बंद होतं. 1:8 ला एका दमात जेवढं अंतर कापता येईल तेवढंच, त्यानंतर कुणाचा तरी हात लागतो. पार्कमधल्या बऱ्याच वाटा या मापांपेक्षा कितीतरी जुन्या आहेत, त्यामुळे फोन करून विचारणं आलंच. फोनवरच्या रेंजरने मला 'हो, जमेल' एवढं सांगून बोळवलं नाही. डांबर कुठे आहे, लाकडी फळ्या कुठे आहेत, गाडी कुठे लावायची, सगळं नीट सांगितलं. बिग ट्रीज ट्रेल आणि जनरल शर्मन झाड, या दोन जागा त्यातून ठरल्या.

सोबत माझा धाकटा भाऊ होता. तो सुट्टीवर माझ्याकडे आला होता आणि सिकोया त्याने कधीच पाहिले नव्हते. निघतानाच मी त्याला सांगून ठेवलं, की मी म्हटल्याशिवाय खुर्चीच्या मुठींना हात लावायचा नाही. त्याला ते जरा लागलं असावं. 'ताई, मी आहे ना,' तो म्हणाला. तो आहे हे मला हवंच होतं. पण झाडांमधून मला माझ्या वेगाने जायचं होतं. मागून ढकलणारा माणूस थांबतो तेव्हा आपण थांबतो, तो वळतो तेव्हा आपण वळतो, आणि जे बघायचं असतं ते खांद्यामागे राहून जातं.

थ्री रिव्हर्स या गावावरून पार्कमध्ये शिरलं की जनरल्स हायवे सुरू होतो. प्रवेशद्वार साधारण 1,700 फुटांच्या उंचीवर आणि जायंट फॉरेस्ट, म्हणजे सिकोयांचं रान, 6,400 फुटांच्या आसपास. मधली चढण सतरा-एक मैलांत, वळणांमागून वळणं घेत. 22 फुटांपेक्षा लांब गाड्या या टप्प्यावर आणू नका असं पार्कच सांगतं. खाली उन्हात करपलेलं गवत आणि ओकची झाडं, वर येता येता देवदार-पाइनच्या जातीची उंच झाडं. 1903 मध्ये कॅप्टन चार्ल्स यंग यांच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय सैनिकांनी जायंट फॉरेस्टपर्यंतची गाडीवाट पुरी केली. त्याआधी इथे येणं म्हणजे घोडा-खेचराच्या पाठीवर किंवा स्वतःच्या पायांवर येणं. आज तंदुरुस्त माणूसही वर येतो तो कुणीतरी डोंगर फोडून केलेल्या उतारावरूनच. 'निसर्गात बांधकाम कशाला' असं म्हणणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं.

पहिला सिकोया रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता. भावाने गाडीचा वेग इतका कमी केला की मागच्याने हॉर्न दिला. बाकीच्या झाडांची खोडं करडी असतात, याचं तांबूस, आणि गाडीच्या काचेतून खोडाचा फक्त एक तुकडा दिसतो. शेंडा दिसायचा प्रश्नच नाही.

आम्ही आधी जायंट फॉरेस्ट म्युझियममध्ये गेलो, आणि ते फार बरं झालं. ही इमारत पूर्वी बाजाराची होती, 1928 सालची. एके काळी या रानात झाडांच्या बुंध्यांना खेटून लॉज, खोल्या, दुकानं, गाड्यांचे तळ, सांडपाण्याच्या नळ्या असं गावच वसलेलं होतं. पुढे 282 बांधकामं पाडून, डांबर उखडून ती जमीन पुन्हा रानाला देण्यात आली. त्याचं मुख्य कारण मुळं. एवढ्या अजस्र झाडाला खोल जाणारं सोटमूळ नसतं. पूर्ण वाढलेल्या सिकोयाची मुळं बारा-चौदा फुटांपेक्षा फारशी खाली जात नाहीत, पण आडवी शंभर फुटांच्याही पलीकडे पसरतात. सगळा भार या उथळ जाळ्यावर. वरची माती पावलांनी आणि गाड्यांनी दाबली गेली की मुळांना पाणी आणि हवा कमी पडते. आणि हे झाड रोगाने किंवा किडीने सहसा मरत नाही, ते मरतं कोसळून.

हे वाचून मी त्या फलकासमोर बराच वेळ थांबले. फळ्यांची किंवा डांबराची आखीव वाट ही माझ्यासारख्यांसाठी रानाकडून मागून घेतलेली सवलत आहे, असं मनात कुठेतरी बसलेलं होतं. बसवलेलं होतं म्हणा. अनेकांनी बोलून दाखवलेलं. प्रत्यक्षात जमिनीपासून उचललेली लाकडी वाट मुळांना हवीच आहे. माणसं एका पट्ट्यात राहतात, माती मोकळी राहते. खुर्चीला टणक, सपाट वाट लागते आणि मुळांना आपल्या डोक्यावरून कुणी चालू नये असं हवं असतं. या दोन गरजा एकाच बांधकामाने भागतात. बिग ट्रीज ट्रेलवर मी ते स्वतःच्या चाकांखाली अनुभवलं.

ही वाट राऊंड मेडो नावाच्या गवताळ कुरणाभोवती फिरते, पाऊण मैलाची. अपंगांना मिळणारं निळं पार्किंग कार्ड असलेल्यांसाठी वाटेजवळच गाडी लावायची सोय आहे, त्यामुळे म्युझियमपासून तिथवर जाण्यातच दम संपत नाही. खुर्ची गाडीतून उतरवली, चाकं बसवली, हातमोजे चढवले. हातमोजे विसरू नका. उतारावर चाकाची रिंग तळव्याने घासत वेग आवरावा लागतो आणि मोजे नसतील तर तळवा पोळतो.

सुरुवात डांबरी. थोडं पुढे गेल्यावर ओलसर जागा येते आणि तिथून लाकडी फळ्या. डांबरावरून फळ्यांवर चढताना जो सांधा असतो, तिथे मी सवयीने पुढची चाकं किंचित उचलली. गरज नव्हती, सांधा सपाट होता. फळ्या आडव्या टाकलेल्या, जायच्या दिशेला काटकोनात, आणि मधल्या फटी बोटभरही नाहीत. हे मुद्दाम सांगते आहे. फळ्या उभ्या टाकल्या आणि फट जरा मोठी राहिली तर पुढचं छोटं चाक तिच्यात उतरतं आणि बसलेलं माणूस तोंडावर आपटतं. आडव्या फळ्यांवरून चाक गेलं की एकसारखी टकटक ऐकू येते आणि ती मांडीपर्यंत जाणवते. भाऊ शेजारून चालत होता. वाट तेवढी रुंद होती, आम्हाला एकामागे एक जावं लागलं नाही. आपल्या माणसाचा चेहरा बघत फिरायला मिळणं ही चालणाऱ्यांना रोजची गोष्ट आहे, मला नाही.

कुरणाच्या मध्यात एकही झाड नाही. तिथे पाणी इतकं वर आहे की झाडाची मुळं गुदमरतात. पण कडेची जमीन सिकोयाला मानवते, उन्हाळाभर ओल टिकते. त्यामुळे मध्ये हिरवं मोकळं गवत आणि भोवताली तांबड्या खोडांचं कडं. बसलेल्या माणसाला ही रचना फार सोयीची आहे. दाट रानात जवळच्या झाडाचा बुंधा तेवढा डोळ्यांत भरतो. इथे कुरणाच्या पलीकडची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सबंध दिसतात. शेंडा टोकदार नसतो, म्हाताऱ्या झाडांचा तर मोडका, बोथट. खालच्या शंभर-दीडशे फुटांत फांदीच नाही, आणि पुढे एकदम दंडासारख्या वळलेल्या फांद्या. त्यातली एकेक फांदी म्हणजे दुसऱ्या रानातलं एक मोठं झाड व्हावं अशी जाड.

एका झाडाची कड वाटेला अगदी लागून होती. मी खुर्ची तिरकी लावून ब्रेक लावला आणि साल हाताने दाबून बघितली. दगडासारखी असेल असं वाटलेलं. ती निघाली नारळाच्या सोडणासारखी, तंतूंची, दाबली की थोडी आत जाणारी. सावलीतल्या बाजूने गार, उन्हातल्या बाजूने कोमट. ही साल दोन फुटांपर्यंत जाड होते. तिच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, त्यामुळे कीड आणि बुरशी फारशी शिरत नाही, आणि पाइनच्या सालीत असते तशी पेट घेणारी राळ जवळपास नाही. भावाने आपटून बघितलं तर आवाज येईना. तो म्हणाला, 'ताई, हे झाड आहे की गादी?' मग एकदम गप्प झाला, कारण दोन पावलांवर त्याच खोडाच्या बुडाशी काळीकुट्ट खोबण होती, आत दोन माणसं सहज उभी राहतील एवढी. आगीची जखम. तिच्या दोन्ही कडांनी नवी साल आत वळत आली होती, एकेका वर्षाला थोडी थोडी.

आगीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हे रान कळत नाही. सिकोयाचा शंकू पाच-सात सेंटिमीटरचा, हिरवा, आणि तो वर्षानुवर्षं झाडावर मिटलेलाच राहतो. आत दोनशेच्या आसपास बिया, एकेक बी काही मिलिमीटरची, कागदासारखी पातळ. खालून आग गेली की तिची धग वर चढते, शंकू सुकतात, उघडतात, आणि बिया राखेच्या उघड्या मातीवर पडतात. पालापाचोळ्याच्या थरावर पडलेली बी सहसा रुजत नाही. या भागातले मूळ रहिवासी रान मुद्दाम जाळत असत, विजेनेही वणवे लागत. नंतर कित्येक दशकं प्रत्येक आग विझवली गेली. झाडांचं रक्षण म्हणूनच. नवी रोपं दिसेनाशी झाली आणि झाडांखाली जळण साठत गेलं. 1960 च्या दशकात शास्त्रज्ञ रिचर्ड हार्ट्सवेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून या झाडांच्या जगण्यात आगीचं काम काय ते पुढे आलं, आणि 1968 पासून या पार्कमध्ये ठरवून, आखून आगी लावल्या जाऊ लागल्या.

हे मी भावाला सांगत होते तेवढ्यात वरून काहीतरी धप्पकन पडलं. हिरवा शंकू. पुन्हा एक. वर चिकारी नावाची लहान खार कामाला लागली होती. ती शंकू कुरतडून खाली टाकते, मग उतरून त्याच्या खवल्यांचा गर खाते, आणि तिच्या खाण्यातूनही थोड्या बिया सांडतात. एक शंकू फळ्यांवरून घरंगळत माझ्या पायटेकणीला येऊन लागला. उचलून बघितला. त्या आकाराला वजन चांगलंच होतं. बघून झाल्यावर वाटेच्या कडेला मातीत ठेवला. इथलं काहीही घरी न्यायचं नसतं आणि खारीने तो स्वतःसाठी पाडला होता.

मला एकच अडचण आली, ती वर बघण्याची. माझ्या खुर्चीची पाठ कमी उंचीची आहे, हात मोकळे राहावेत म्हणून. त्यामुळे मान फार मागे टाकता येत नाही, तोल जातो. उभं माणूस कमरेतून मागे वाकून शेंडा बघतं, मला बुंध्याशी बसून साठ-सत्तर फुटांपलीकडचं दिसेना. शेवटी मीच भावाला म्हटलं, 'आता धर मुठी.' त्याने मागे उभं राहून खुर्ची मागच्या चाकांवर सावकाश कलती केली, माझं डोकं त्याच्या पोटाला टेकेपर्यंत, आणि तसंच पेलून धरलं. मग दिसलं. खोड सरळ वर गेलं होतं, वर जाताना बारीक होत नव्हतं, फांद्या सुरू होत होत्या तिथे ऊन लागलं होतं आणि त्याच्याही वर आणखी झाड होतं. मी 'बास' म्हणेपर्यंत तो हलला नाही, आणि मी बराच वेळ 'बास' म्हटलं नाही. पुढे प्रत्येक मोठ्या झाडाशी आम्ही हेच केलं. व्हीलचेअरवरच्या कुणाला घेऊन जाणार असाल तर घरीच सपाट जागेवर याचा सराव करा. खुर्चीला मागे उलटू न देणाऱ्या छोट्या चाकांचा आधार लावलेला असेल तर तो तेवढ्यापुरता वर वळवावा लागतो, आणि धरणाऱ्याच्या हातात बळ हवं.

वाटेवर चढ आहेत, पण सौम्य. दमवते ती उंची. साडेसहा हजार फुटांवर तेच ढकलणं जड जातं, श्वास पुरत नाही. मी दर थोड्या अंतरावर थांबत होते, पाणी पीत होते, आणि हात टेकून अंग उचलून बसण्याचा भार मोकळा करत होते. माझ्यासारखं तासनतास बसणाऱ्यांना हे कळेल. थांबायला निमित्त शोधावं लागत नव्हतं. चालणारी माणसं पाऊण मैल वीस मिनिटांत उरकतात, आम्हाला अख्खी सकाळ लागली आणि ती पुरली नाही.

जनरल शर्मनकडे दुपारी गेलो. मुख्य वाहनतळावरून खाली झाडापर्यंत अर्ध्या मैलाची वाट आहे आणि तिच्यावर पायऱ्या आहेत, ती माझ्या कामाची नव्हती. जनरल्स हायवेला लागून, कार्ड असलेल्यांसाठी एक छोटा तळ आहे, तिथून सपाट फरसबंद रस्त्याने थोडक्यात पोचता येतं. उन्हाळ्यातली मोफत शटल बसही तिथे थांबते. हे जगातलं सगळ्यात मोठं झाड. सगळ्यात उंच नव्हे, घनफळाने मोठं. उंची 275 फूट, बुडाशी व्यास 36 फुटांवर, आणि खोडाचं घनफळ 1,487 घनमीटर. वय अंदाजे 2,200 वर्षं. भोवती कुंपण आहे, गर्दी आहे, फोटोसाठी रांग आहे. मला सकाळची अनाम झाडं जास्त जवळची वाटली. तरी शर्मनच्या बुंध्याकडे बघताना 2021 चा सप्टेंबर आठवला. केएनपी कॉम्प्लेक्स नावाचा वणवा जायंट फॉरेस्टच्या तोंडाशी आला तेव्हा अग्निशमन दलाने याच बुंध्याला ॲल्युमिनियमचं आगरोधक आवरण गुंडाळलं होतं. ते फोटो जगभर गेले. त्यापेक्षा जास्त कामी आल्या त्या आधीच्या दशकांतल्या ठरवून लावलेल्या आगी, जळण कमी होतं म्हणून इथे वणवा मवाळ पडला. सगळीकडे हे नशीब नव्हतं. 2020 च्या कॅसल फायरमध्ये सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या मोठ्या सिकोयांपैकी 10 ते 14 टक्के मेले असा अंदाज आहे. पुढच्या वर्षीच्या दोन वणव्यांत आणखी 3 ते 5 टक्के. दोन हजार वर्षं दर थोड्या काळाने येणाऱ्या आगी पचवलेली झाडं, आणि दोन उन्हाळ्यांत हे. दुष्काळ, वाढतं तापमान आणि साठलेलं जळण एकत्र आल्यावर दोन फुटांची सालही पुरत नाही.

तिथून निघताना एक वयस्कर बाई काठी टेकत आल्या आणि आम्हाला विचारू लागल्या की पुढे पायऱ्या आहेत का. भावाने मला न विचारता त्यांना चढ, रुंदी, विसाव्याची बाकं, सगळं क्रमाने सांगितलं.

जायचं असेल तर आणखी थोडं. बर्फात या वाटा झाकल्या जातात आणि रस्त्यावर टायरला साखळ्या लावाव्या लागतात, तेव्हा खुर्चीसाठी उन्हाळा आणि शरदाची सुरुवात बरी. शर्मनजवळचा कार्डवाल्यांचा तळ छोटा आहे, लवकर भरतो. अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी असाल आणि अपंगत्व कायमचं असेल तर 'ॲक्सेस पास' हा पार्कचा प्रवेश-पास आयुष्यभरासाठी मोफत मिळतो, तो आधी काढून ठेवा. पार्कमध्ये मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, नकाशा उतरवून घ्या. पुढे उत्तरेला ग्रँट ग्रोव्हमध्ये जनरल ग्रँट झाडाभोवती एक तृतीयांश मैलाची फरसबंद वाट आहे, आणि योसेमिटी नॅशनल पार्कच्या मॅरिपोसा ग्रोव्हमध्ये 2018 साली काम पुरं झाल्यापासून बिग ट्रीज लूप नावाची 0.3 मैलांची वाट चाकांना खुली आहे. तिथे तर गाड्यांचा जुना तळच रानातून उठवला, मुळांवरचं डांबर काढलं आणि तीच जमीन ओलांडायला उंचावलेल्या लाकडी वाटा टाकल्या. कार्ड असेल तर शटलऐवजी आपली गाडी आत नेता येते. दोन्हीकडे निघण्याआधी फोन करा, चढ किती, वाट कशाची आणि रुंदी किती ते विचारा, आणि त्या दिवशी वाटेवर काही काम चालू आहे का तेही.